क्रूझवर जेवणाचं टेबल कसं निवडायचं आणि अनोळखी लोकांबरोबर कसं बसायचं

केबिनला खिडकी हवी की बाल्कनी, यावर माणसं नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या ट्रॅव्हल ऑफिसात तासभर चर्चा करतात. जहाजाचा नकाशा काढून मजला बघतात, लिफ्ट किती लांब आहे ते मोजतात. मग फॉर्मवर 'डायनिंग प्रेफरन्स' अशी ओळ येते आणि म्हणतात, "ते काहीही टाका ना ताई, जेवण तर मिळणारच आहे." जेवण मिळतंच. पण सात रात्रींच्या क्रूझवर रोज संध्याकाळचे दीड-दोन तास कोणाबरोबर, किती वाजता आणि कुठल्या खुर्चीत जाणार, हे त्या एका ओळीवर ठरतं. म्हणून मी ती ओळ कोणालाच कोरी सोडू देत नाही. ती कशी भरायची आणि टेबलवर बसल्यावर काय करायचं, ते इथे लिहिते.

आधी आपल्या जहाजावर कुठली पद्धत आहे ते विचारा. मोठ्या जहाजाच्या मुख्य जेवणघरात, म्हणजे मेन डायनिंग रूममध्ये, रात्रीचं जेवण दोन पद्धतींनी चालतं. जुनी पद्धत फिक्स्ड डायनिंगची: रोज ठरलेली वेळ, ठरलेलं टेबल, तेच वेटर आणि तीच शेजारची माणसं. त्यात दोन पाळ्या असतात, पहिली साधारण साडेपाच-सहाची आणि दुसरी आठ-साडेआठची. दुसरी पद्धत मोकळी: हवं तेव्हा या, जागा असेल तिथे बसा. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 2000 साली 'फ्रीस्टाइल' नावाने ती आणली आणि ठरलेल्या पाळ्या बंदच केल्या. रॉयल कॅरिबियन तिला 'माय टाइम डायनिंग' म्हणते, कार्निव्हल 'युवर टाइम डायनिंग', पण या दोघांकडे फिक्स्ड पाळ्याही आहेत. डिस्नेच्या जहाजांवर रोज वेगळ्या रेस्टॉरंटमध्ये जायचं असतं आणि वेटर तुमच्याबरोबर तिथे येतात. क्युनार्डवर केबिनच्या दर्जावरून रेस्टॉरंट ठरतं, ब्रिटानिया वर्गाचं वेगळं आणि ग्रिल वर्गाचं वेगळं.

मुंबईहून निघणाऱ्या कॉर्डेलियाच्या दोन-तीन रात्रींच्या सफरीसाठी या सगळ्यात फार डोकं घालू नका. दुरांतोने सीएसएमटीला उतरायचं, टॅक्सीने बॅलार्ड पिअर गाठायचं. जहाजावर बहुतेक आपलेच लोक असतात आणि जैन जेवणही मिळतं. मी सांगते आहे ते सिंगापूर, भूमध्य समुद्र, अलास्का अशा लांबच्या सफरींसाठी, जिथे टेबलवर शेजारी कोण येईल याचा आधी अंदाज नसतो.

पहिली पाळी की दुसरी

आपल्याकडे रात्रीचं जेवण नऊच्या आत क्वचित होतं, म्हणून लोक डोळे मिटून दुसरी पाळी मागतात. सिंगापूरसाठी ते बरोबर आहे. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास असतं. तिथे साडेपाचला जेवायला बसलात तर नागपूरच्या हिशेबाने दुपारचे तीन वाजलेले असतात, आणि दुपारचा बुफे अजून पोटात तसाच असतो. आठला बसलात तर आपले साडेपाच. तेही लवकरच, पण जेवण जातं. तीन-चार रात्रींच्या सफरीत शरीर नव्या वेळेला पुरतं रुळतही नाही, म्हणून सिंगापूरला दुसरीच पाळी घ्या.

भूमध्य समुद्रावर गणित उलटं होतं. उन्हाळ्यात इटली-स्पेनची वेळ आपल्यामागे साडेतीन तास असते. तिथे सहाला जेवायला बसलात की आपले साडेनऊ, म्हणजे अगदी घरची वेळ. साडेआठची पाळी घेतली तर पहिल्या घासाला नागपुरात रात्रीचे बारा वाजलेले असतात. पहिल्या दोन-तीन रात्री म्हातारी माणसं टेबलवरच पेंगतात. युरोपला आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर पहिली पाळी मागा आणि त्यावर ठाम राहा.

अर्थात तिथे एक अडचण येते. भूमध्य समुद्राच्या सफरीत जवळपास रोज एक बंदर असतं. रोम बघायचं तर जहाज चिवितावेक्कियाला लागतं आणि तिथून शहर गाठायलाच सव्वा-दीड तास जातो. दिवसभर फिरून साडेपाचला जहाजावर परतायचं आणि सहाला तयार होऊन टेबलवर बसायचं, यात धावपळ होते. तरुण मंडळी, दिवसभर पायी भटकणारी, त्यांनी युरोपमध्येही दुसरी पाळी घ्यावी. घरातले थोरले आणि तरुण दोन्ही बरोबर असतील तर मी मोकळी पद्धत घ्यायला सांगते आणि सातच्या सुमाराची वेळ क्रूझ कंपनीच्या ॲपवर आधीच राखून ठेवते.

मधुमेह असणाऱ्यांनी वेळेचा विचार औषधापासून सुरू करावा. टेबलवर बसल्यापासून पहिला पदार्थ समोर यायला वीस-पंचवीस मिनिटं सहज लागतात. त्याआधी ब्रेडची टोपली येते, पण ती जेवण नव्हे. इन्सुलिन केबिनमध्ये घेऊन निघायचं की टेबलवर बसल्यावर, हे आपल्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारून घ्या. आणि वेळ बघायची ती जहाजाची. फोन किनाऱ्यावरचं नेटवर्क पकडून भलतीच वेळ दाखवू शकतो.

रात्रीचे शोसुद्धा पाळीप्रमाणे बेतलेले असतात. पहिल्या पाळीवाल्यांना जेवणानंतरचा शो, दुसऱ्या पाळीवाल्यांना बहुधा जेवणाआधीचा. ज्यांना साडेनऊला झोप येते त्यांनी पहिल्या पाळीनंतरचा शो जागून बघावा लागेल हे धरून चालावं.

किती जणांचं टेबल

इथे माझं मत पक्कं आहे. सहा किंवा आठ जणांचं मागा.

नवरा-बायको आले की हमखास म्हणतात, "आपण दोघंच बसू ना, कशाला लोकांमध्ये?" दोघांचं टेबल ऐकायला छान वाटतं. पण बहुतेक जहाजांवर दोघांची टेबलं एका रांगेत, हात पसरला तर शेजारच्या ताटाला लागेल इतकी जवळ मांडलेली असतात. शेजारच्यांचं प्रत्येक वाक्य ऐकू येतं, तुमचं त्यांना ऐकू जातं, आणि ओळख झालेली नसल्यामुळे बोलता मात्र येत नाही. शिवाय ही टेबलं मोजकीच असतात आणि सगळ्यात आधी संपतात. नवीन लग्न झालेल्यांनी जरूर मागावीत. घरात नुकतं दुःख झालं आहे आणि बोलायची ताकद नाही अशांनीही मागावीत. कोणाला भरवावं लागत असेल, पथ्य फार कडक असेल, तर दोघांचंच बरं.

चार जणांचं टेबल मात्र मी टाळते. समोरचं जोडपं बोलकं निघालं तर उत्तम, पण सूर जुळला नाही तर सात रात्री समोरासमोर बसायचं आणि सुटका नाही. ते दोघं एखाद्या रात्री दुसऱ्या रेस्टॉरंटमध्ये गेले की मोठ्या टेबलवर तुम्ही दोघंच. सहा-आठ जणांत असं होत नाही. डावीकडचा अबोल असेल तर उजवीकडे वळता येतं, दोघं गैरहजर असले तरी टेबल भरलेलं राहतं. दहा जणांच्या टेबलवर पलीकडच्या टोकाचं काहीच ऐकू येत नाही, म्हणून दहा नको. निवड मिळाली तर गोल टेबल मागा. लांबट टेबलवर आठ जणांच्या दोन टोळ्या पडतात आणि मधले कधी इकडे, कधी तिकडे माना वळवत राहतात.

एकट्याने जाणाऱ्यांनी तर मोठंच टेबल घ्यावं. त्रिमूर्तीनगरच्या एक निवृत्त शिक्षिका एकट्या भूमध्य समुद्राच्या सफरीला गेल्या होत्या. आठ जणांचं गोल टेबल, दुसरी पाळी. एका रात्री त्या फिरून दमून आल्या आणि केबिनमध्ये झोपून गेल्या. साडेआठ होऊन गेले, खुर्ची रिकामी. दोन खुर्च्या पलीकडे बसणाऱ्या एका पोर्तुगीज बाईंनी वेटरला बोलावून, "आमच्या मॅडम आल्या नाहीत, केबिनवर फोन करा," असं सांगितलं. फोन वाजला, बाई उठल्या, खाली आल्या, तेव्हा टेबलवरच्या मंडळींनी त्यांचं सूप थांबवून ठेवलं होतं. हजारो माणसांच्या जहाजावर आपण जेवायला आलो नाही हे कोणाच्या तरी लक्षात येणं, ही मोठी सोय आहे. ती फिक्स्ड पाळी आणि मोठं टेबल यातूनच मिळते.

टेबल कुठे असावं

मेन डायनिंग रूम बऱ्याच जहाजांवर खालच्या मजल्यांवर आणि मागच्या बाजूला असते. अगदी मागच्या टोकाला इंजिनाची थरथर जाणवते, ग्लासातलं पाणी हलताना दिसतं. बोट लागण्याचा त्रास असेल तर जहाजाच्या मध्याकडचं टेबल मागा, तिथे हेलकावे कमी लागतात.

खिडकीसाठी हट्ट धरण्याआधी विचार करा की त्या वेळी बाहेर काय दिसणार. दुसऱ्या पाळीला सिंगापूरच्या बाजूला काच काळीभोर असते. अलास्काची गोष्ट निराळी. जूनमध्ये जुनोला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा दोन्ही पाळ्यांना खिडकीतून डोंगर आणि बर्फ दिसतो. तिथे खिडकी जरूर मागा.

टाळायच्या जागा तीन: स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराजवळची, वेटर जिथे ताटं-चमचे रचतात त्या कपाटालगतची, आणि प्रवेशद्वारासमोरची. तिन्हीकडे खडखडाट आणि येजा. कानाला यंत्र लावणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. त्यांना भिंतीकडे पाठ करून बसवा, म्हणजे मागचा गोंगाट यंत्रात शिरत नाही आणि समोरच्यांचे ओठ दिसतात. चांगला कान टेबलच्या मध्याकडे राहील अशी खुर्ची पहिल्याच रात्री धरा, कारण पहिल्या रात्री जो जिथे बसतो तो सहसा शेवटपर्यंत तिथेच बसतो. व्हीलचेअर असेल तर दाराजवळचं टेबल बुकिंगच्या वेळीच लिहून मागा.

शाकाहारी मंडळींसाठी

हा भाग मी प्रत्येकाला समोर बसवून समजावते, कारण विदर्भातून जाणाऱ्यांत निम्मे सावजी खाणारे असले तरी त्याच घरात एक आजी कांदा-लसूणही न खाणाऱ्या असतात.

'व्हेज' एवढंच सांगून भागत नाही. कोणी अंडं शाकाहारात धरतं, कोणी मासेही धरतं. "नो मीट, नो चिकन, नो फिश, नो एग" असं एकेक नाव घेऊन सांगायचं, आणि दूध-दही-चीज चालतं हेही सांगायचं, नाहीतर ते तुम्हाला व्हीगन समजून सात रात्री खीर-आइस्क्रीमपासून लांब ठेवतील. मेन्यूत निरुपद्रवी दिसणाऱ्या काही पदार्थांकडे लक्ष ठेवा. फ्रेंच ओनियन सूप पारंपरिक रीतीने बीफच्या रश्श्यात करतात. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही नावाचे छोटे मासे असतात. पान्ना कोट्टा जिलेटिनने घट्ट केलेलं असतं आणि जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्यापासून बनतं. मूसमध्येही ते असू शकतं, म्हणून विचारून घ्या. परमेसान चीज वासराच्या पोटातल्या रेनेट नावाच्या पाचक द्रव्याने विरजतात. ज्यांना हे चालत नाही त्यांनी वेटरला पहिल्याच रात्री सांगावं.

जैन किंवा विनाकांदा-लसूण जेवण हवं असेल तर दीड-दोन महिने आधी क्रूझ कंपनीला लेखी कळवायला लावा आणि त्याचं उत्तर छापून जवळ ठेवा. जहाजावर चढलात की पहिल्या दुपारीच डायनिंग रूमच्या मुख्य व्यवस्थापकाला भेटा. जहाजावर त्याला 'मेत्र दी' म्हणतात. पहिल्या रात्रीपासून हेड वेटर दुसऱ्या दिवशीचा मेन्यू आदल्या रात्री आणून दाखवतो, तुम्ही काय घेणार ते ठरवता, आणि स्वयंपाकघर ते वेगळं करतं. फिक्स्ड टेबलचा हा खरा फायदा आहे. वेटर तोच असल्यामुळे तिसऱ्या रात्री तुम्हाला काही सांगावं लागत नाही. मोकळ्या पद्धतीत रोज नवा वेटर, रोज नव्याने समजावणं. म्हणून ज्यांचं पथ्य कडक आहे त्यांना मी फिक्स्डच देते, वेळ थोडी गैरसोयीची झाली तरी चालेल.

आता शेजारच्या ताटाचं. अनोळखी लोकांबरोबर बसायचं म्हणजे कोणी स्टेक मागवणार, कोणी अख्खा लॉबस्टर. इतवारीतल्या एका कुटुंबाने मला सरळ विचारलं, "समोर कोणी ते कापून खात असेल तर आमच्या आईला जेवण जाईल का?" प्रश्न अगदी योग्य आहे आणि तो बुकिंगच्या वेळीच विचारायला हवा. तिथे दोन उपाय आहेत. कुटुंबात चार-सहा जण असतील तर स्वतःचंच टेबल मागा, ते मिळतं. दोघंच असाल तर मेत्र दीला सांगा की आम्हाला शाकाहारी लोकांबरोबर बसायला आवडेल. भारतीय प्रवासी बरेच असतील तर तो जुळवून देतो. यातलं काहीच जमणार नसेल आणि समोरचं ताट खरोखर सहन होत नसेल, तर मोठं टेबल घेऊ नका. शेजाऱ्याने काय खावं याबद्दल मात्र टेबलवर तोंड वाकडं करू नये. त्यांनीही त्या सफरीसाठी पैसे मोजलेले आहेत.

टेबलवर बसल्यावर

वेळेवर या. फिक्स्ड टेबलवर वेटर सगळ्यांची ऑर्डर एकदम घेतो आणि प्रत्येक पदार्थ सगळ्यांना एकदम वाढतो. आपल्या पंगतीत सगळ्यांची पानं वाढून झाल्याशिवाय कोणी सुरू करत नाही, तसंच. तुम्ही वीस मिनिटं उशिरा आलात तर सात जणांचं सूप अडून राहतं. एखाद्या रात्री येणार नसाल, वेगळ्या रेस्टॉरंटमध्ये जाणार असाल, तर आदल्या रात्री वेटरला आणि टेबलवरच्यांनाही सांगून ठेवा.

हात साबणाने धुऊन जा. दारात सॅनिटायझर असतो, पण जहाजांवर उलट्या-जुलाब पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर तो पुरेसा पडत नाही, साबण-पाणीच उपयोगी पडतं. त्याच कारणाने आपल्या ताटातलं दुसऱ्याला चाखायला देऊ नका. घरात आपण प्रेमाने देतो, तिथे समोरचा संकोचतो.

चिवडा, शेव बरोबर न्यायची असेल तर कंपनीचं सीलबंद पाकीट न्या. घरी केलेलं अन्न जहाजावर सहसा चढू देत नाहीत. आणि टेबलवर चिवड्याचं पाकीट फोडण्याआधी विचारा: "कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का?" आपल्याला हा प्रश्न सुचत नाही, कारण आपल्या ओळखीत असं कोणी नसतं. पण काहींना शेंगदाण्याने श्वास बंद होण्यापर्यंत त्रास होतो. सगळ्यांनी नाही म्हटलं की मग खुशाल चमच्याने वाढा.

दारू न पिणाऱ्यांनी अजिबात अवघडून जाऊ नये. नुसतं पाणी मागवलं तरी कोणी काही म्हणत नाही. प्रत्येकाचं पेयाचं बिल त्याच्या त्याच्या कार्डावर लागतं, टेबलचं एकत्र बिल होत नाही. शेजाऱ्यांनी वाइनची बाटली मागवून तुम्हाला विचारलं तर "नो, थँक यू" पुरे, कारण सांगायची गरज नसते. तुम्ही स्वतः बाटली मागवली आणि संपली नाही, तर ती तुमच्या नावाने ठेवून दुसऱ्या रात्री आणून देतात.

"आम्हाला नाही जमत बा इंग्रजी"

हे वाक्य मी वारंवार ऐकते, आणि दरवेळी सांगते की टेबलवरच्या निम्म्या लोकांचंही इंग्रजी परकंच असतं. जर्मन, ब्राझीलचे, कोरियन, सगळे शब्द शोधत बोलतात. हळू बोला, छोटी वाक्यं करा, फोनमधले फोटो दाखवा. पहिल्या रात्री नावं विचारा आणि नॅपकिनवर नव्हे, फोनमध्ये लिहून घ्या. दुसऱ्या रात्री नावाने हाक मारलीत की अर्धं काम झालं.

विषय सोपे ठेवा: आज बंदरावर काय पाहिलं, उद्या कुठे जाणार, तुमच्या गावात आत्ता हवा कशी आहे. भाडं किती पडलं हे कधीच विचारू नका. एकाच मजल्यावरच्या दोन केबिनचं भाडं बुकिंगच्या तारखेप्रमाणे वेगळं असतं, आणि ज्याला जास्त पडलं त्याचं त्या रात्रीचं जेवण कडू होतं. पगार, लग्न का केलं नाही, मुलं का नाहीत, हेही नको.

नागपूर कुठे आहे हे विचारलं जाईलच. "मुंबईजवळ" असं सांगू नका, ते खरंही नाही आणि त्यातून पुढे बोलणं निघत नाही. देशाच्या मधोमध, इंग्रजांनी जिथे झिरो माइलचा दगड रोवला ते शहर, असं सांगा. संत्र्यांचं शहर सांगा. ताडोबा आणि पेंच इथून काही तासांवर आहेत हे सांगितलंत, आणि फोनमध्ये वाघाचा एखादा फोटो असला, की अख्खं टेबल तुमच्याकडे वळतं. एका थाई जोडप्याबरोबर बसलेल्या आमच्या एका काकांनी दीक्षाभूमीचा फोटो काढून दाखवला आणि 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी तिथे लाखो लोकांसह बुद्ध धम्म स्वीकारला हे सांगितलं. काकांचं इंग्रजी बेताचं. पण त्या दोघांनी फोटो मोठा करून स्तूपाचा घुमट बघितला, हात जोडले, आणि पुढच्या रात्री स्वतःच्या गावातल्या विहाराचे फोटो घेऊन आले. काका परत आल्यावर बंदरांबद्दल कमी आणि या टेबलबद्दल जास्त बोलले.

जे खरोखरच लाजरे आहेत त्यांना टेबलच्या टोकाला बसवू नका. एका बाजूला घरचं माणूस आणि दुसऱ्या बाजूला बोलकं परकं माणूस, अशी खुर्ची द्या. जोडप्याने शेजारी बसावं, पण दिवसभराच्या घरगुती गोष्टी मराठीत रंगवत बसू नये. आपापसात मराठीत बोलायचं झालं तर थोडक्यात बोलून परत सगळ्यांत यावं.

नाहीच जमलं तर

टेबल बदलून मागण्यात गैर काही नाही. जहाजावर हे रोज होतं. चढल्या दिवशी दुपारी मेत्र दी डायनिंग रूमच्या दाराशी यादी घेऊन बसतो, त्याची वेळ त्या दिवशीच्या कार्यक्रमपत्रिकेत किंवा ॲपमध्ये असते. पाळी बदलायची असेल, टेबल फार मागे असेल, तर तेव्हाच जा. माणसांशी पटत नाही असं पहिल्या रात्री वाटलं तर दुसरी रात्र मात्र त्यांना द्या, कारण पहिल्या रात्री सगळेच दमलेले आणि अवघडलेले असतात. दुसऱ्या रात्रीनंतरही नको वाटलं, तर तिसऱ्या दिवशी सकाळी एकट्याने जाऊन मेत्र दीला सांगा. "आम्हाला थोडं मोठं टेबल आवडेल" एवढं पुरतं, कोणाची तक्रार करायची नाही. हातात पैसे सरकवायचीही गरज नाही. जुने शेजारी पुढे लिफ्टमध्ये भेटले तर हसून बोला, कोणी मनावर घेत नाही.

मोकळ्या पद्धतीत दारावर विचारतात, "शेअर करणार का?" हो म्हणा. दोघांच्या टेबलसाठी थांबणाऱ्यांपेक्षा तुम्हाला जागा लवकर मिळते. सकाळचा नाश्ता आणि बंदर नसेल त्या दिवसाचं दुपारचं जेवण मेन डायनिंग रूममध्ये बहुधा असंच, येतील त्यांना एकत्र बसवून होतं. ज्यांनी रात्रीसाठी दोघांचं टेबल घेतलंय त्यांनी एखाद्या दुपारी इथे बसून बघावं. बुफेत रिकामी खुर्ची दिसली की विचारून बसायचं, आणि जेवण झालं की उठायचं. तिथे ताटं संपल्यावर गप्पा मारत बसणं म्हणजे दुसऱ्याची जागा अडवणं.

मोठ्या कुटुंबांसाठी एकच महत्त्वाचं. वेगवेगळ्या केबिन वेगवेगळ्या वेळी बुक केल्या असतील तर सगळ्या बुकिंगचे क्रमांक एकमेकांना जोडून घ्या. हे झालं नाही तर भाऊ पहिल्या पाळीत आणि बहीण दुसऱ्या पाळीत जाते, आणि चढल्यावर निस्तरणं कठीण होतं. चौदा-पंधरा जण असाल तर एका टेबलवर बसवा असा हट्ट नको, लगतची दोन टेबलं मागा आणि रोज थोडी माणसं अदलाबदल करा.

फॉर्मल नाइट, म्हणजे नटूनथटून जेवायला यायची रात्र, सात रात्रींत एक-दोनदा येते. सूट भाड्याने घेऊ नका. पुरुषांसाठी बंदगळा किंवा चांगला कुर्ता, बायकांसाठी पैठणी किंवा कुठलीही रेशमी साडी, हे तिथे सगळ्यात उठून दिसतं आणि टेबलवर बोलायला विषयही मिळतो. हाफपँट मात्र त्या रात्री चालत नाही.

टिपचं म्हणाल तर बहुतेक अमेरिकन कंपन्या माणशी रोजची ठरावीक रक्कम खात्यावर आपोआप लावतात, त्यात वेटरचा वाटा असतो. बुकिंग करतानाच ती धरून बजेट करा. वेटरने पथ्य मनापासून सांभाळलं असेल तर शेवटच्या रात्री पाकिटात वेगळी रक्कम द्यावी, असं मी सांगते. त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे घरी आल्यावर कंपनीचा सर्व्हे येतो, त्यात वेटर आणि त्याच्या मदतनिसाचं नाव लिहा. त्या नावांची कंपनीत नोंद होते. बॅजवर नाव आणि देश दोन्ही असतात, आणि वेटर कितीतरी वेळा गोव्याचा किंवा मुंबईचा निघतो. स्पेलिंग शेवटच्या रात्रीच बॅजचा फोटो काढून घ्या, कारण सर्व्हेचा मेल येईपर्यंत चेहरा आठवतो, नाव आठवत नाही.